मोबाईलवरील शेतनोंदी आणि खातेदाराची खाजगी माहिती

कल्याण तालुक्यातील खडवली हे गाव भातसा नदीच्या काठी, मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा व वासिंद या स्थानकांच्या दरम्यान वसलेले आहे. सभोवारची शेती मुख्यतः पावसावरील भाताची. भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल, हरभरा यांसारखी कडधान्ये, आणि पाण्याची सोय असेल तेथे भाजीपाला, अशी येथील पीकपद्धती आहे. या भागातील शेतकऱ्याच्या हाती गेल्या काही वर्षांत विळा-नांगराच्या जोडीला आणखी एक अवजार आले आहे, ते म्हणजे मोबाईल. अनुदान, पीक विमा, नुकसानभरपाई, आधारभूत किमतीने भाताची विक्री, यांपैकी बहुतेक कामांत आता कोठे ना कोठे त्याची गरज पडते. हे अॅप कसे चालवावे हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. या नोंदी करताना शेतकऱ्याची कोणती माहिती कोठे जाते, ती कोणाच्या दृष्टीस पडते, आणि ती जपण्यासाठी शेतकऱ्याने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने काय करावयास हवे, एवढाच विषय येथे घेतला आहे.

चावडीतील दप्तर व मोबाईलवरील दप्तर

जमिनीची नोंद ही आपल्याकडे कधीच गुप्त नव्हती. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची व तिच्यावर कोणाचा कोणता हक्क आहे हे लिहिलेले असते, गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते, आणि हे दप्तर तलाठ्याकडे असते. फेरफाराची नोटीस चावडीवर लावली जाते ती लोकांनी वाचावी म्हणूनच. ती कोणी वाचली नाही तर हरकत कोण घेणार? नोंद उघडी असणे हेच खातेदाराचे संरक्षण होय. म्हणून सातबारा संगणकावर आला हे मोठेच संकट ओढवले, असे जे काही ठिकाणी बोलले जाते ते बरोबर नाही.

परंतु जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप सांभाळली जात असे, तिच्याकडे आपले लक्ष नव्हते. दप्तर उघडे होते, तसा ते पाहावयास येणाराही उघडा असे. त्याला गावात यावे लागे, तलाठ्यास भेटून कोणत्या गटाचा उतारा हवा ते सांगावे लागे, आणि सायंकाळपर्यंत कोण कोणाच्या जमिनीची चौकशी करून गेला हे मूळ खातेदाराच्या कानी पोहोचत असे. आज महाभूलेखाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक भरला की विनास्वाक्षरीचा उतारा कोणासही घरबसल्या पाहता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्यास पंधरा रुपये पडतात. नोंदणी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक दोनही संगणकावर शोधता येते. उताऱ्यासाठी कल्याणला खेपा घालण्यात जाणारा शेतकऱ्याचा दिवस यामुळे वाचला, आणि लावणीच्या दिवसांत एका दिवसाची किंमत काय असते हे येथे निराळे सांगावयास नको. मात्र पाहणारा कोण, हे आता खातेदारास दिसत नाही.

खडवलीसारख्या गावी या फरकास विशेष महत्त्व आहे. मुंबई-नाशिक महामार्गावरील पडघा येथून जवळ आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि आमणे हे भिवंडी तालुक्यातील गाव याच परिसरात येते. अशा भागात जमिनीस मागणी असणारच. गावात पाऊल न टाकता एखादा दलाल सातबारा पाहून जमिनीस किती हिस्सेदार आहेत, वारसनोंद झाली आहे की नाही, इतर हक्कांत सोसायटीचा अगर बँकेचा बोजा आहे काय, हे जाणून घेऊ शकतो. बोजा मोठा आणि हिस्सेदार पुष्कळ, म्हणजे खातेदार अडचणीत असावा व भाऊबंदांत एकमत नसावे, असा अंदाज तो बांधतो. त्यानंतर जो दूरध्वनी येतो त्यात शेतकऱ्याने कोणास न सांगितलेल्या गोष्टी बोलल्या जातात, आणि तो गांगरून जातो. समोरच्यास आपली सर्व माहिती आहे, तेव्हा तो सरकारी मनुष्य असावा, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. तो ग्रह साफ चुकीचा आहे. गट क्रमांक, क्षेत्र, बोजा ही माहिती ठाऊक असणे म्हणजे अधिकारी असणे नव्हे, ही पहिली गोष्ट प्रत्येक घरी, विशेषतः वडीलधाऱ्या मंडळींस, समजावून द्यावयास हवी.

यावर उपाय एकच, आणि तो याच यंत्रणेतून मिळतो. जे दप्तर परका पाहू शकतो ते खातेदाराने स्वतः वारंवार पाहावे. भातलावणीपूर्वी एकदा व मळणीनंतर एकदा आपला सातबारा व आठ-अ काढून नाव, क्षेत्र व इतर हक्क तपासावेत. 'आपली चावडी' या सुविधेवर गावातील फेरफारांच्या नोटिसा दिसतात. हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते, ती हातची जाऊ देऊ नये. चावडीवरील कागद वाऱ्याने उडून गेला, ही सबब आता पुढे करता येणार नाही.

शेतकरी ओळख क्रमांक

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी डिजिटल कृषी अभियानास मंजुरी दिली. अभियानाचा खर्च २,८१७ कोटी रुपये धरला आहे. त्यातील अॅग्रिस्टॅक या योजनेत तीन नोंदवह्या आहेत: शेतकऱ्यांची, पेरलेल्या पिकांची, आणि जागेवर बसविलेल्या गावनकाशांची. पहिल्या नोंदवहीत नाव आले की शेतकऱ्यास ओळख क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांचा लाभ घेण्यासाठी हा क्रमांक आवश्यक करण्यात आला.

या क्रमांकाने नेमके काय होते? पूर्वी शेतकऱ्याची जमीन तलाठ्याच्या दप्तरात, खाते बँकेत, अनुदानाचा अर्ज कृषी कार्यालयात आणि आधार त्याच्या घरच्या पेटीत असे. या चार ठिकाणांची गाठ घालावयाची तर शेतकऱ्यालाच कागदांची पिशवी घेऊन हिंडावे लागे. आता ही गाठ क्रमांकाने घातली जाते. हिंडणे वाचले आणि एकाच्या नावावर दुसऱ्याने लाभ घेण्याचे प्रकार कठीण झाले. तथापि, चार कणग्यांत विभागलेले धान्य एका कणगीत भरले म्हणजे राखणही तितकीच कडक लागते. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०२२ साली या योजनेच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचे एका सुरक्षा अभ्यासकाने निदर्शनास आणले, व त्यानंतर ती त्रुटी दूर करण्यात आली. सरकारी यंत्रणेतही अशी भोके पडू शकतात हे मान्य करावे. ते झाकून ठेवल्याने शेतकऱ्याचा विश्वास वाढत नाही.

ओळख क्रमांक घेतला की जमीन सरकारजमा होईल किंवा कंपनीच्या नावे होईल, अशी भीती काही शेतकरी व्यक्त करतात. ती निराधार आहे. जमिनीची मालकी नोंदणीकृत दस्ताने अगर वारसाने बदलते. ओळख क्रमांकाने ती बदलत नाही. उलट क्रमांक नसल्याने अवकाळी पावसात भाताचे नुकसान होऊनही मदतीस मुकण्याची पाळी येऊ शकते. म्हणून क्रमांक अवश्य घ्यावा. पण घेताना डोळे उघडे ठेवावेत. नोंदणीच्या वेळी मोबाईलवर ओटीपी येतो, शेवटी आधाराच्या साहाय्याने ई-स्वाक्षरी केली जाते, आणि ती आपल्या सहीइतकीच बंधनकारक असते. केंद्रचालकास ओटीपी सांगण्यापूर्वी पडद्यावर आपले सर्व गट आले आहेत काय, दुसऱ्याचा गट चुकून जोडला गेला नाही ना, आणि हिस्सा बरोबर आहे काय, हे वाचून घ्यावे. वाचता येत नसल्यास घरातील शिकलेल्या मुलास किंवा सुनेस बरोबर न्यावे. केंद्रावर रांग लागली आहे, ही घाई करण्याची सबब नव्हे.

आधाराविषयी येथेच दोन शब्द. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देण्यात आले. ज्यांच्याजवळ ओळखीचा कोणताच कागद नव्हता त्यांस ओळख मिळावी हा त्यामागील उद्देश होता. आज मात्र आधाराची छायाप्रत खताच्या दुकानापासून सिमकार्डाच्या टपरीपर्यंत कोठेही मागितली जाते व देणारा देऊनही टाकतो. जेथे केवळ ओळख पटवावयाची आहे तेथे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. ती आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते. छायाप्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी रेघ ओढून कोणत्या कामासाठी, कोणास व कोणत्या तारखेस दिली ते लिहावे. इतर काही राज्यांत खरेदीखतांवरील अंगठ्यांचे ठसे उतरवून घेऊन त्यांच्या साहाय्याने आधारजोड खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे उघडकीस आले आहेत. त्यावर उपाय म्हणून आपले ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात. परंतु ठसे बंद असतील तर रेशन दुकानातील यंत्रावरही अंगठा लागणार नाही. त्यासाठी ते तात्पुरते उघडावे लागतात, हे घरात सर्वांस ठाऊक असावे. चौकशीसाठी प्राधिकरणाचा दूरध्वनी १९४७ हा आहे. स्वातंत्र्याचे साल असल्याने तो सहज लक्षात राहतो.

ई-पीक पाहणी

पूर्वी पीकपाहणी तलाठी करीत असे. ती बांधावर जाऊन होई की चावडीत बसून, याविषयी गावोगाव निरनिराळ्या कथा आहेत. त्यात न शिरता इतकेच म्हणता येईल की नोंद करणारा शेतकरी नसे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करावयाची असे ठरले. छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात, त्यामुळे दुसऱ्याच्या शेतातील पीक आपले म्हणून दाखविता येत नाही.

शेतकऱ्याच्या हाती लेखणी आली, ही या पद्धतीची थोरवी होय. परंतु प्रत्यक्षात चित्र निराळे दिसते. ज्याच्या नावे खाते आहे त्या वयस्क गृहस्थाजवळ साधा मोबाईल असतो, आधारास जोडलेला क्रमांक डोंबिवलीस नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो, आणि शेतात राबणाऱ्या बाईचे नाव बहुधा कोठेच नसते. वाड्या-पाड्यांवर तर पावसाळ्यात संपर्कही नीट मिळत नाही. मग गावातील एखादा हुषार तरुण सर्वांची पाहणी करून देतो. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय अॅपमध्ये ठेवलेलीच आहे, आणि ती आवश्यकही आहे. अशा तरुणांचे गावावर उपकार आहेत. तथापि एवढ्या खातेदारांचे तपशील, छायाचित्रे, आणि पुष्कळदा आधार कार्डांची व पासबुकांची चित्रेही त्याच्या एका मोबाईलमध्ये साठत जातात, याचा विचार कोणी करीत नाही. पुढे तो मोबाईल दुरुस्तीस जातो, जुना म्हणून विकला जातो, किंवा लोकलच्या गर्दीत खिशातून नाहीसा होतो.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत. पीकपाहणीसाठी आधार कार्डाचे किंवा पासबुकाचे छायाचित्र लागत नाही. ते देऊ नये, व काढून देणाऱ्यानेही घेऊ नये. शेताचे छायाचित्र काढताना पीक नीट दिसेल असे काढावे. घरातील माणसे, लहान मुले त्यात येऊ देऊ नयेत. अॅपला स्थान पाहण्याची परवानगी द्यावी लागते, त्यावाचून नोंद होणार नाही. परंतु मोबाईल ती परवानगी देताना 'सदैव' आणि 'अॅप वापरतेवेळी' असे पर्याय दाखवीत असेल तर दुसराच निवडावा. दुसऱ्यांच्या नोंदी करणाऱ्या तरुणाने आपल्या मोबाईलला कुलूप ठेवावे, हंगाम संपल्यावर इतरांचे कागद पुसून टाकावेत, आणि मोबाईल विकण्यापूर्वी तो मूळ स्थितीत आणावा. खातेदारानेही नोंद झाली म्हणजे झाले असे न समजता, आपल्या नावे कोणते पीक किती क्षेत्रावर लागले ते सातबाऱ्यावर पाहावे. वालाच्या जागी पडीक लागले तर त्याचा त्रास त्यालाच भोगावा लागेल.

प्रश्नोत्तरांच्या नव्या साधनांविषयीही विचारणा होते. राज्य शासनाने मे २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे अॅप सुरू केले, त्यात शेतीविषयी मराठीत प्रश्न विचारता येतात. करपा, खोडकिडा, खताची मात्रा, बाजारभाव यांविषयी जरूर विचारावे. आधार, बँक खाते किंवा घरातील भांडणे त्यात लिहिण्याचे कारण नाही, आणि हा नियम कोणत्याही कंपनीच्या अशा साधनास अधिकच कटाक्षाने लावावा.

कायदा काय म्हणतो

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला की खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत केला, आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. माहिती घेणाऱ्यांवरील प्रमुख कर्तव्ये नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी अंमलात यावीत, अशी योजना त्या नियमांतच आहे. आपली कोणती माहिती घेतली हे विचारण्याचा, चुकीची दुरुस्त करून घेण्याचा व तक्रार करण्याचा अधिकार हा कायदा देतो. अनुदान किंवा लाभ देण्यासाठी शासनास काही परिस्थितीत नव्याने संमती न घेता माहिती वापरण्याची मुभाही त्यात आहे. ही मुभा लाभ देण्यापुरती आहे. गावातील दुकानदारास अथवा दलालास यादी देण्यासाठी ती नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस

सहायक कृषी अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि त्यांच्याबरोबर काम करणारे कृषिमित्र यांनी एक गोष्ट मोकळेपणी मान्य करावी. शेतकऱ्याची माहिती बाहेर जाण्याचे एक द्वार आपल्याच हातून उघडे राहते. ते द्वार म्हणजे व्हॉट्सअॅपवरील गावगट. 'पुढील शेतकऱ्यांची केवायसी अपूर्ण आहे' या मथळ्याखाली नाव, आधार क्रमांक, बँक खाते व मोबाईल क्रमांक असलेली संपूर्ण यादी गटावर टाकली जाते. हेतू चांगला असतो, मुदत जवळ आलेली असते, वरिष्ठांकडून सकाळ-संध्याकाळ आकडे मागितले जात असतात. परंतु ती यादी एका मिनिटात कोठे जाईल यावर टाकणाऱ्याचा ताबा राहत नाही. आधार कायदा, २०१६ च्या कलम २९ प्रमाणे गोळा केलेला आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मुदत जवळ आली म्हणून ही मनाई सैल होत नाही.

यादी टाकावयाचीच असेल तर नाव व गट क्रमांक एवढे पुरे. उरलेला तपशील त्या त्या शेतकऱ्यास दूरध्वनीवर अगर भेटीत सांगावा. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावयाच्या यादीसही हेच लागू आहे. शिबिरात जमा झालेल्या छायाप्रती टेबलावर उघड्या ठेवू नयेत. काम संपल्यावर त्या दप्तरात बंद कराव्यात किंवा फाडून टाकाव्यात. भज्याच्या गाडीवर आधार कार्डाच्या प्रतीत गुंडाळलेला पुडा मिळतो, तो कोठून तरी आलेलाच असतो. सरकारी कामाचे संकेतशब्द शिकाऊ मुलास अथवा केंद्रचालकास सांगून काम उरकण्याची प्रथा सोडावी. कुंपणानेच शेत खाल्ले अशी बोलणी ऐकण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, इतकी काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल.

खोटे संदेश व तातडीचा उपाय

प्रधानमंत्री किसान योजनेचा हप्ता यावयाचा असला की त्या सुमारास मोबाईलवर संदेश येऊ लागतात: आपली केवायसी राहिली आहे, यादीत नाव पाहण्यासाठी सोबतचे अॅप घ्या. अशा फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. ती उघडून अॅप बसविले की ते संदेश वाचण्याची परवानगी मागते, आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी शेतकऱ्याने कोणास न सांगताही चोरास वाचता येतो. ओटीपी सांगू नका, हा उपदेश आता पुरेसा राहिलेला नाही तो यामुळे. असा संदेश बहुधा ओळखीच्याच माणसाच्या क्रमांकावरून येतो, कारण त्याचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. शासनाचे कोणतेही अॅप व्हॉट्सअॅपवर आलेल्या फाईलमधून घेऊ नये, अधिकृत प्ले स्टोअरवरून घ्यावे. तेथेही प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव पाहावे. शंका आल्यास आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्यास दाखवावे.

चुकून अॅप बसविले गेले तर प्रथम मोबाईलचा डेटा व वायफाय बंद करावे, दुसऱ्या मोबाईलवरून बँकेस कळवून खाते गोठवावे, आणि पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. हीच तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावरही करता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फार वेगाने फिरविले जातात, म्हणून सकाळी बँक उघडेपर्यंत थांबू नये. फसवणूक करणाऱ्याचा क्रमांक, आलेला संदेश व बँकेचा संदेश पुसून टाकू नये, ते पुराव्यास लागतात. तक्रारीचा क्रमांक मिळेल तो वहीत लिहून ठेवावा, आणि बँकेस व पोलीस ठाण्यास लेखी अर्ज देताना त्यात नमूद करून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.